उडत्या वाळूचा सांडवा

पाटबंधारे खात्यात माझी चौतीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी गाळाच्या हिशेबात. नदी पावसाळ्यात पाण्याबरोबर काय काय घेऊन येते आणि ते कालव्याच्या तोंडाशी कसं बसतं, हे कागदावर मांडता येतं. उन्हाळ्यात त्याच कालव्यात उतरलं की पाय घोट्यापर्यंत वाळूत रुततो आणि कागदावरचा आकडा किती लहान होता ते कळतं.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. १९८३च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी दीड महिना पुण्यात होतो. दुपारी मोकळा वेळ मिळायचा, खोलीवर पंखा नव्हता, म्हणून ग्रंथालयात जाऊन बसायचो. तिथं एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाती लागला. चीनमधल्या विज्ञानाचा आणि संस्कृतीचा इतिहास सांगणाऱ्या मालेतला, चौथ्या खंडाचा तिसरा भाग. १९७१ साली केंब्रिजहून निघालेला. विषय स्थापत्य आणि नौकानयन. मुख्य लेखक जोसेफ नीडहॅम, सोबत वांग लिंग आणि लू ग्वेइ-जेन ही दोन चिनी नावं. रस्ते, भिंती, पूल असं चाळत चाळत पाण्याच्या कामांपाशी आलो आणि तिथं थांबलो, तो पुढचे आठ-दहा दिवस तिथून हललो नाही.

त्या पानांवर दूच्यांगयेन होतं.

सिच्वान प्रांतात मिन नदी डोंगरातून उतरून छंगदूच्या मैदानात शिरते. उतारावरचा वेग एकदम संपतो आणि नदी आणलेलं सगळं तिथं टाकते. इसवी सनापूर्वी २५६च्या सुमारास छिन राज्याचा तिथला सुभेदार ली बिंग यानं या जागी काम सुरू केलं. आम्ही शिकलो होतो ते असं की नदीचं पाणी हवं असेल तर आधी तिच्यात आडवी भिंत घालायची. ली बिंगनं भिंत घातली नाही. त्यानं पात्राच्या मधोमध एक लांब, निमुळता बांध रचला. त्याचं प्रवाहाकडचं टोक माशाच्या तोंडासारखं दिसतं, म्हणून नाव ‘मत्स्यमुख’. नदी तिथं दोन होते. आतली नदी अरुंद आणि खोल, शेतीकडे जाणारी. बाहेरची रुंद आणि उथळ, नदीची नदीच राहणारी. पाणी कमी असतं तेव्हा खोलीमुळे दहातले सहा वाटे आत येतात आणि चार बाहेर जातात. पूर आला की रुंदीमुळे हिशेब उलटतो. दार उघडायला-लावायला माणूस लागत नाही, पात्राचा आकारच ते काम करतो.

आणि गाळ? जागा नदीच्या वळणावर निवडलेली आहे. वरचं निवळ पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाकडे ओढलं जातं आणि तळाची वाळू वळणाच्या आतल्या काठाकडे सरकते. शेतीकडे जाणारा ओघ, नाव ‘आतली नदी’ असलं तरी, वळणाच्या बाहेरच्या काठाला, निवळ पाण्याच्या बाजूला आहे. तरीही जी वाळू आत येते तिच्यासाठी पुढे एक ठेंगणा बांध आहे, त्याचं नाव ‘फेइ-शा-येन’. येन म्हणजे बांध, शा म्हणजे वाळू, फेइ म्हणजे उडणं. उडत्या वाळूचा सांडवा. त्याच्या थोडं पुढे डोंगर फोडून काढलेली वीसेक मीटर रुंदीची खिंड, ‘बाटलीचं तोंड’. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडकावर जाळ करून तो तापवायचा, वर गार पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. या तोंडात मावेल तेवढंच पाणी मैदानात जातं. मावत नाही ते मागे फुगतं, गरगरतं, आणि त्या भोवऱ्यात वाळू-गोटे उचलले जाऊन सांडव्यावरून बाहेरच्या नदीत पडतात. अडवून ठेवलेला गाळ आम्ही यंत्रं लावून उपसत होतो. या माणसानं गाळाला वाट ठेवली होती. सव्वादोन हजार वर्षांनंतरही ते काम चालू आहे आणि आज त्यावर सहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजते.

देखभालीचा नियम सहा अक्षरांचा आहे: शन थाओ थान, दी झ्वो येन. पात्र खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा. किती खोल, ते कळावं म्हणून तळाशी लोखंडी पहारी आडव्या पुरलेल्या आहेत. हिवाळ्यात एक एक ओघ बंद करून उपसायचं, आणि पहार दिसली की थांबायचं. मला वाटतं, मी वाचलेल्या कुठल्याही अभियांत्रिकी नियमावलीत याहून नेमकं काही नाही.

पण त्या दुपारी मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते एका बारीक गोष्टीनं. पुस्तकात प्रत्येक वस्तूचं तिथलं नाव चिनी अक्षरांसकट दिलं होतं. नदीतले गोटे भरून काठाला रचायच्या बांबूच्या लांबच लांब करंड्यांना ‘चू-लुंग’ म्हणतात. दुरुस्तीच्या वेळी ओघ अडवायला लाकडी तिकाट्या ओळीनं उभ्या करतात, त्यांचंही नाव होतं. राजांची आणि तत्त्वज्ञांची नावं परका माणूस लिहून घेतोच. गोट्यांच्या करंडीला तुम्ही काय म्हणता, हे विचारायला तो कशामुळे थांबला असेल?

नीडहॅम १९००मध्ये लंडनला जन्मले. केंब्रिजमध्ये जीवरसायनाचे नामवंत संशोधक होते, गर्भाच्या वाढीच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९३१ साली आला होता. पत्नी डोरोथी याही त्याच विषयातल्या. १९३७ साली तीन तरुण चिनी संशोधक तिथं कामाला आले. त्यांत नानजिंगच्या एका औषधव्यापाऱ्याची मुलगी होती, लू ग्वेइ-जेन. नीडहॅम तिच्या प्रेमात पडले. डोरोथींना हे ठाऊक होतं आणि तिघांचं नातं पुढे जन्मभर टिकलं. त्यात कोणी किती सोसलं असेल ते बाहेरून सांगता येणार नाही, आणि मी सांगू नये. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की एका संध्याकाळी नीडहॅमनी तिला विचारलं, सिगारेट चिनीत कशी लिहितात? तिनं दोन अक्षरं दाखवली: श्यांग-येन. सुगंधी धूर. सदतिशी ओलांडलेला, आपल्या शास्त्रात मान मिळवलेला माणूस त्या दोन अक्षरांपासून शाळकरी मुलासारखा शिकायला बसला. चिनी शिकणं म्हणजे उकाड्याच्या दिवशी पोहायला उतरण्यासारखं आहे, असं ते पुढे सांगत.

त्यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. या तरुण सहकाऱ्यांना जसजसं जवळून ओळखत गेलो तसतसं दिसत गेलं, की त्यांची विचार करायची रीत हुबेहूब आपल्यासारखीच आहे. मग आधुनिक विज्ञान युरोपातच का उभं राहिलं, चीनमध्ये का नाही? हा त्यांचा पुढच्या आयुष्याचा प्रश्न झाला. त्याचा उगम नवलाईत नाही. ‘काय अजब लोक आहेत’ असं म्हणणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. समोरचा आपल्याच तोलाचा आहे अशी खात्री पटली, की मगच तो पडतो.

युरोपात चीनचं कौतुक करणारे त्याआधीही थोर लोक होते. लायब्निझनं १६९७ साली जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून चीनविषयी पुस्तक काढलं. व्हॉल्तेअरला चीन हा शहाण्या, सहिष्णू राज्यकारभाराचा नमुना वाटे. दोघांनीही चीन पाहिला नव्हता. त्यांचा चीन बराचसा आपल्या घरच्या राजांना आणि धर्मगुरूंना दाखवायचा आरसा होता. आणि दुसऱ्या जातीचं कौतुक होतं ते ऑरेल स्टाइनसारख्यांचं. विद्वान, जिवावर उदार होऊन वाळवंट तुडवणारा माणूस. १९०७ साली तो दुनह्वांगच्या लेण्यांत पोचला आणि तिथल्या बंद खोलीत सापडलेली हस्तलिखितं त्यानं राखणदार साधूकडून थोडक्या पैशांत मिळवून पेट्या भरभरून नेली. त्यात इसवी सन ८६८ची तारीख छापलेली वज्रच्छेदिका ही बौद्ध पोथी होती. तारीख असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं छापील पुस्तक आज लंडनमध्ये आहे. मूळ ग्रंथ संस्कृत, भाषांतर कुमारजीवाचं, छपाई चिनी, मुक्काम ब्रिटिश लायब्ररी. स्टाइनचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते प्रेम पेटी बंद करून निघून जाणारं होतं.

नीडहॅम १९४३ साली हिमालयावरून विमानानं युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये उतरले. छुंगछिंगला ब्रिटन आणि चीन यांच्या वैज्ञानिक सहकार्याची कचेरी त्यांनी चालवली. किनाऱ्यालगतची विद्यापीठं जपान्यांपुढून हटत आत डोंगरात आली होती, देवळांत आणि धान्याच्या कोठारांत वर्ग भरत होते. कुठे सूक्ष्मदर्शकाची काच हवी, कुठे एखादं रसायन, कुठे तीन वर्षांत न मिळालेली नियतकालिकं. हे सगळं कलकत्त्याच्या बाजूनं विमानानं येई आणि ट्रकमध्ये घालून नीडहॅम ते पोचवत हिंडत. तीन वर्षांत अकरा मोहिमा. दुनह्वांगच्या वाटेवर ट्रक पुन्हा पुन्हा बंद पडे. एकदा तर लेण्यांपाशीच कित्येक दिवस अडकून पडले. यांगत्सेकाठच्या लीच्वांग नावाच्या छोट्या गावात इतिहासकारांची एक संस्था आसऱ्याला आली होती. तिथं त्यांनी चिनी विज्ञानाच्या इतिहासाविषयी प्रश्न विचारले आणि वांग लिंग नावाचा तरुण जुन्या ग्रंथांतून सुरुंगाच्या दारूचे उल्लेख शोधायला लागला. पुढे तोच केंब्रिजला जाऊन या कामातला त्यांचा पहिला सहकारी झाला. हवामानशास्त्रज्ञ चू खचन यांनी युद्धानंतर जुन्या ग्रंथांच्या पेट्या नीडहॅमना पाठवल्या. स्टाइननं नेल्या त्याही पेट्याच होत्या. या पेट्या ज्यांच्या होत्या त्यांनीच भरून पाठवल्या.

एका पुस्तकाची कल्पना होती. पहिला खंड १९५४ साली आला, आणि मग एकातून दुसरं निघत ती माला सात खंडांत, वीसहून अधिक जाड ग्रंथांत पसरली. ते गेले तेव्हाही ती पुरी झालेली नव्हती. पहिला खंड अर्पण केला आहे नानजिंगच्या त्या औषधव्यापाऱ्याला, लू ग्वेइ-जेनच्या वडिलांना. ते अर्पणपत्र मी कितीदा वाचलं असेल. आपण जिला ओळखतो तिच्या वडिलांचं दुकान, त्यातले जडीबुटीचे खण, ते बांधून देणारे हात: चीनचा विज्ञानाचा इतिहास तिथून सुरू होतो असं मानणारा हा माणूस होता.

त्यांच्या मोठ्या प्रश्नावर पुढे खूप टीका झाली. जे घडलं नाही ते का घडलं नाही, हे इतिहासाला विचारताच येत नाही, असं त्यांचेच सहकारी नेथन सिव्हिन म्हणत. ही टीका मला पटते. युरोपात जे झालं ते मोजपट्टी धरलं की बाकी सगळ्यांच्या इतिहासात फक्त उणं शिल्लक राहतं. पण प्रश्न चुकला म्हणून त्याच्या मागे लागून पन्नास वर्षांत जे जमा झालं ते चुकत नाही. ११व्या शतकात सू सुंगनं खायफंगला उभारलेलं पाण्यावर चालणारं घड्याळ, शन ख्वोनं टिपून ठेवलेलं की चुंबकसूची बरोबर दक्षिणेकडे न वळता किंचित पूर्वेला झुकते, इसवी सन १३२मधलं चांग हंगचं भूकंपदर्शक यंत्र. चिनी ग्रंथांत हे होतंच. जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात त्याला जागा मिळाली ती मुख्यतः या कामामुळे.

एक गोष्ट मात्र मला टाळता येत नाही. १९५२ साली, कोरियाचं युद्ध चालू असताना, अमेरिकेनं जंतुयुद्ध केल्याच्या आरोपाची चौकशी करायला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीत नीडहॅम गेले. समितीनं आरोप खरा ठरवला. नीडहॅमनी स्वतः प्रयोग करून काही पाहिलं नव्हतं. आपल्या ओळखीचे, आपण ज्यांचं काम पाहिलं ते चिनी शास्त्रज्ञ खोटं बोलणार नाहीत, यावर त्यांचा विश्वास होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून तो पुरावा रचलेला होता असं दिसतं. अमेरिकेनं त्यांना वर्षानुवर्षं व्हिसा दिला नाही आणि मायदेशातही अनेकांनी पाठ फिरवली. प्रयोगशाळेत जो माणूस सहकाऱ्याचा आकडा दोनदा तपासल्याशिवाय घेणार नाही, त्यानं इथं तपासलं नाही. मला याचा राग येत नाही, वाईट वाटतं. ज्या विश्वासानं त्याला करंडीचं नाव विचारायला थांबवलं, त्याच विश्वासानं त्याला इथं फसवलं. माणसावरचं प्रेम आणि त्याच्या सरकारावरचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या क्षणी त्या त्याच्यापुरत्या एक झाल्या होत्या.

आपल्याकडे याच्या उलट दिशेचं एक कौतुक प्रत्येकाला पाठ असतं. ह्युएन त्संग, सातवं शतक, दुसऱ्या पुलकेशीचं राज्य. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. शाळेत हा उतारा आला की वर्गात सगळे ताठ बसत. पुढचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेली एकोणीस वर्षं भाषांतरच करत राहिला. आपल्याविषयीची दोन वाक्यं आपण जपून ठेवली. ती लिहिणाऱ्याच्या देशाविषयी आपल्या भाषेत त्या मानानं किती थोडं लिहिलं गेलं!

ते पुस्तक वाचताना मला आबा आठवत होते, माझे आजोबा. आमचं गाव साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या काठचं. तिथं फड पद्धतीची बागायत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. गावाची जमीन फडांत वाटलेली. या वर्षी कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता पडीक, हे गाव मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचं नाही, आणि शेतकऱ्यानंही नाही. पावसाळ्याआधी सगळ्यांनी मिळून पाट उपसायचा. सांडवा हा शब्द मी अभियांत्रिकीत शिकलो नाही, आबांबरोबर पाटावर चालताना शिकलो. पुढे वर धरणं झाली, नदीचा उन्हाळी ओघ आटला, आणि बरेच फड मोडले. त्या धरणांपैकी एकाच्या कालव्यावर मी चार वर्षं काम केलं आहे.

चारीचं तोंड बुजवताना पाटकरी गवत, माती आणि दगड यांची एक गच्च मोळी बांधून पायानं दाबायचा. तिला एक शब्द होता. आबा तो दिवसातून दहादा उच्चारायचे. १९८३च्या त्या उन्हाळ्यात, ‘चू-लुंग’ या शब्दावर बोट ठेवून बसलो असताना, मला तो आठवेना. आबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

निवृत्तीनंतर मी चिनी अक्षरं गिरवायला घेतली. साडेतीनशेच्या आसपास येतात. २०१६च्या वसंतात आम्ही दोघं एका प्रवासी कंपनीबरोबर छंगदूला गेलो आणि तिथून एक दिवस काढून दूच्यांगयेनला. तिथला आनलान हा झुलता पूल हलतो. मधोमध उभं राहिलं की मत्स्यमुख खाली दिसतं. एकच नदी, दोन रंग. एका बाजूला हिरवट निवळ पाणी, दुसऱ्या बाजूला मळकट. मला बोलता येईना. हिनं विचारलं, पाणी लागलं का डोळ्यांत? मी मान हलवली.

पुलाच्या पलीकडे काठावर त्या लाकडी तिकाट्या दाखवायला उभ्या केल्या होत्या. आता ओघ लोखंडी दारांनी अडवतात, पण छिंगमिंगच्या सणाला अजून तिकाट्या उभ्या करून, दोर तोडून, पाणी सोडण्याचा सोहळा होतो. जवळच्या कठड्यावर एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन बसले होते. मी तिकाटीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? माझा उच्चार त्यांना दुसऱ्या खेपेला कळला. म्हणाले, “माचा.” मग बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून दगडावर दोन अक्षरं काढली. दोन्हींच्या डाव्या अंगाला झाडाची खूण होती.

माचा. आबांच्या ओसरीवर चार खुरांचा लाकडी माचा होता, त्यावर बसून ते पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब सांगायचे. शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं. त्यांचा ‘चा’ आपल्या ‘छा’च्या जवळचा आहे. तरी मी तो चारदा म्हणून पाहिला, आणि ती छोटी मुलगी माझ्याबरोबर म्हणू लागली.

मी पाण्याचं काम करायचो हे त्यांना हातवाऱ्यांनी कळवलं. त्यांनी खाली वाहत्या चारीकडे, तिच्या तोंडाशी दाबलेल्या ओल्या गवताच्या गुंडाळीकडे बोट केलं आणि विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

रात्री हॉटेलातून गावी चुलतभावाला फोन लावला. भारतात संध्याकाळ होती, मागे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. त्याला शब्द येत नव्हता. म्हणाला, जागल्याचा मुलगा अजून आहे, नव्वदीला टेकलाय, पण थांब, फोन नेतो त्याच्याकडे. मग चालण्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, कुणाची तरी खोकल्याची उबळ. मी वहीचं कोरं पान उघडून पेन हातात धरून बसलो होतो.